डाएट सोडायचंय? मग आधी पोटभर जेवायला लागा

सोमवारी डाएट सुरू. गुरुवारपर्यंत नेटानं पाळलं जातं. शुक्रवारी ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक येतो आणि शनिवार-रविवार 'आता सोमवारपासूनच बघू' म्हणत डबे उघडण्यात जातात. हे चक्र दोन-चार वर्षं फिरवून दमलेल्यांसाठी हा लेख आहे. आपल्याकडे यावर जुनी म्हण आहे, 'एकादशी आणि दुप्पट खाशी'. म्हणीत थट्टा असली तरी शरीराचा हिशेब तिनं बरोबर मांडलाय. पोटाला कमी पडलं की पुढे दुप्पट खाल्लं जातं आणि त्यात निश्चय कमी पडण्याचा भाग फार थोडा असतो.

डाएट सोडणारे बहुतेक जण चुकीच्या टोकानं सुरुवात करतात. 'आता भूक लागेल तेव्हाच आणि हवं तेवढंच खाणार' असं ठरवतात आणि आठवड्याभरात पुन्हा चार्टकडे वळतात. वर्षानुवर्षं भूक दाबलेल्या माणसाला भूक नीट कळतच नाही. सकाळभर काही जाणवत नाही आणि संध्याकाळी सहाला एकदम खा-खा सुटते. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी वेळेवर पुरेसं जेवण, मग बंदी घातलेले पदार्थ आणि भुकेचा अंदाज त्यानंतर.

हे एकट्यानं करू नये, अशी माणसं

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर जेवणाच्या वेळा आणि प्रमाण बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला. ही औषधं जेवणाच्या हिशेबानं दिलेली असतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर पुढे दिलेलं प्रथिनांचं प्रमाण तुम्हाला लागू होत नाही. गरोदरपणातही आधी विचारून घ्या.

दुसरा गट अधिक नाजूक आहे. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढणं, वजनासाठी जुलाबाच्या गोळ्या घेणं, लपून भरपूर खाणं आणि त्यानंतर दिवसभर काहीच न खाणं, वजन उतरल्यापासून पाळी बंद होणं, यातलं काहीही होत असेल तर हा खाण्याचा विकार असू शकतो. त्यावर उपचार आहेत, पण ते लेख वाचून होत नाहीत. सुरुवात कुठून करायची हे कळत नसेल तर मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी टेलि-मानस हेल्पलाइन 14416 वर मराठीतही बोलता येतं.

शरीर असं का वागतं

1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवून एक प्रयोग केला. युद्धानंतर उपासमारीतून वाचलेल्यांना पुन्हा खायला कसं घालायचं, हे त्यातून शोधायचं होतं. या तरुणांना रोज जेमतेम 1,600 कॅलरी मिळत आणि वजन पाव हिश्शानं उतरेपर्यंत चालायलाही लावलं जाई. त्यांच्या डोक्यात दिवसभर अन्नाचेच विचार फिरू लागले. काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसत. चिडचिड, थंडी वाजणं, उदासी असे त्रास झाले. पुन्हा खायला मिळू लागल्यावर कित्येकांना पोट भरल्याची जाणीवच होईना आणि ते खातच राहिले.

आता आपल्या व्हॉट्सअॅपवर फिरणारे 1,200 कॅलरींचे तक्ते आठवा.

वजन उतरलं की चरबीतून येणारं, भूक आवरणारं लेप्टिन हे संप्रेरक कमी होतं आणि भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं. दुष्काळ आलाय असं समजून शरीर अन्न शोधायला लावतं. रात्री अकराला डब्यातला शेव-चिवडा खुणावतो त्याचं मूळ बहुतेक वेळा दुपारच्या अर्धवट जेवणात असतं.

पायरी 1: घड्याळ लावून जेवण (पहिले 3 ते 4 आठवडे)

या काळात भूक लागली का, हे विचारायचंच नाही. उठल्यापासून दीड-दोन तासांत नाश्ता आणि मग दर साडेतीन-चार तासांनी काहीतरी. नोकरी करणाऱ्याचं साधारण वेळापत्रक असं बसतं: 8 ला नाश्ता, 12.30 ते 1 जेवण, 4.30 ला मधलं खाणं, 8 ते 8.30 रात्रीचं जेवण. शिफ्टमध्ये काम करत असाल तर वेळा बदला, अंतर तेवढंच ठेवा. सकाळी भूकच नसेल तर नाश्ता छोटा ठेवा, एखादं केळं आणि कपभर दूध. मात्र तो वगळू नका. एक-दोन आठवड्यांत सकाळची भूक परत येते.

यातलं 4.30 चं खाणं सगळ्यात जास्त टाळलं जातं आणि तेच सगळ्यात जास्त कामाचं आहे. मुंबईची लोकल किंवा पुण्याचं ट्रॅफिक पार करून साडेसातला घरी पोचणाऱ्या माणसाच्या पोटात दुपारी एकनंतर फक्त चहा गेलेला असेल, तर तो स्वयंपाक होईपर्यंत उभ्याउभ्या फरसाण खाणारच. मूठभर सालासकट फुटाणे, उकडलेलं अंडं, केळं आणि दाणे, राजगिऱ्याचा लाडू, यातलं काहीही बॅगेत ठेवा.

आता प्रथिनं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला रोज किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला साधारण 50 ग्रॅम. सकाळी चहा-बिस्किटं, दुपारी दोन फुलके आणि दुधीची भाजी, रात्री सूप असं 'हलकं' खाणाऱ्याच्या पोटात पंधरा-वीस ग्रॅमच जातात. मग पोट भरल्यासारखं वाटतं आणि तासाभरात रिकामंही होतं.

घरगुती मापानं अंदाज असा:

- डाळ किंवा कडधान्य, कच्चं 30 ग्रॅम (शिजून साधारण एक वाटी घट्ट वरण किंवा उसळ): 7 ग्रॅम
- एक अंडं: 6 ग्रॅम
- एक पेला दूध, 200 मिली: 6 ते 7 ग्रॅम
- घरचं दही, 100 ग्रॅम: 3 ग्रॅम
- पनीर, 50 ग्रॅम: 9 ग्रॅम
- फुटाणे किंवा शेंगदाणे, 30 ग्रॅम: 6 ते 7 ग्रॅम
- मासे किंवा चिकन, 100 ग्रॅम: 18 ते 20 ग्रॅम किंवा थोडं जास्त
- 30 ग्रॅम कणकेची पोळी: 3 ते साडेतीन ग्रॅम
- मध्यम ज्वारीची भाकरी: 6 ग्रॅमच्या आसपास

दाणे घातलेले पोहे आणि दूध, दुपारी दोन पोळ्या, मटकीची उसळ, थोडा भात आणि दही, संध्याकाळी फुटाणे, रात्री भाकरी-पिठलं. इतक्यात पन्नाशी गाठली जाते. पावडरचा डबा आणायची गरज नाही. आणि हे आकडे एकदा अंदाज येण्यापुरतेच आहेत. रोज वहीत लिहायला लागलात तर ते कॅलरी मोजण्याचंच नवं रूप होईल.

ताटाचा साचा आपल्याकडे आधीच आहे. भाजी, आमटी किंवा उसळ, कोशिंबीर, पोळी किंवा भाकरी, भात, वर चमचाभर तूप. डाएट करताना यातली एकेक गोष्ट कमी झालेली असते. आधी भात जातो, मग तूप, मग पोळ्या दोनच्या एकावर येतात. त्या परत आणायच्या. तेला-तुपाशिवायचं जेवण लवकर पचतं आणि बेचवही लागतं.

या पायरीत दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली म्हणजे गॅस. कडधान्यं एकदम वाढवली की पोट फुगतं. अर्ध्या वाटीनं सुरुवात करा, आठ-दहा तास भिजवून ते पाणी ओतून द्या, मोड आणून नीट शिजवा. पाणीही पुरेसं प्या. दुसरी म्हणजे पहिल्या दोन आठवड्यांत वाढणारा किलो-दीड किलो. भात-पोळी परत आली की स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, साठतं आणि दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण 3 ग्रॅम पाणी राहतं. डाएटच्या पहिल्या आठवड्यात झपाट्यानं उतरलं होतं ते वजन मोठ्या प्रमाणात हेच पाणी होतं. ते परत येतंय. इथेच घाबरून बरेच लोक पुन्हा डाएटकडे वळतात.

पायरी 2: वजनकाटा माळ्यावर

मिठाचं जेवण, पाळीचे दिवस, बद्धकोष्ठ एवढ्यानंही काटा किलो-दोन किलो इकडेतिकडे होतो. रोज सकाळी तो आकडा पाहणारा माणूस त्या दिवशी काय खायचं हे काट्याला विचारून ठरवतो. काटा माळ्यावर ठेवा किंवा शेजारी देऊन टाका. औषधाच्या प्रमाणासाठी किंवा हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या आजारासाठी डॉक्टरांनी वजन बघायला सांगितलं असेल तर मात्र त्यांचं ऐका.

कपाटातली 'बारीक झाल्यावर घालीन' ही जीन्सही काढून टाका. कमरेत दिवसभर रुतणारा कपडा म्हणजे चालताबोलता काटाच. आज नीट बसतील असे चार-पाच कपडे पुरेत.

प्रगती मोजायचीच असेल तर दुपारी तीनची सुस्ती कमी झाली का, पोट साफ होतं का, पाळी वेळेवर येते का, झोप लागते का आणि दिवसातला किती वेळ डोक्यात खाण्याचा हिशेब चालू असतो, हे बघा. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांच्या तपासण्या नेहमीप्रमाणे करा. मधुमेह असेल तर एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, दर तीन महिन्यांनी करून चांगला अंदाज येतो.

पायरी 3: बंदी उठवणं

तीन-चार आठवडे जेवण मार्गी लागल्यावरच इकडे या. आधी आलात तर उपाशी पोटी वडापावसमोर उभं राहाल.

कागदावर बंदी घातलेले सगळे पदार्थ लिहा. बहुतेकांच्या यादीत भात, बटाटा, केळं, आंबा, साखर घातलेला चहा, तळण, गोड, बेकरीचे पदार्थ असतात. कमी भीतीचा पदार्थ वर, जास्त भीतीचा खाली. भात किंवा बटाटा सहसा वर येतो, चॉकलेट किंवा वेफर्सचं पाकीट खाली. वरून एकच पदार्थ निवडा आणि दोन आठवडे त्याच्यावरच थांबा.

खायची पद्धत अशी. पदार्थ जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर तासाभरात घ्या, दोन वेळचं राहून गेलेलं असताना नको. ताटलीत काढून, बसून, फोन बाजूला ठेवून खा. आठवड्यातून तीन-चारदा खा. एकदाच खाऊन 'झालं' म्हटलं तर मन त्याला सणच समजतं. तोच पदार्थ वारंवार आणि निर्धास्तपणे मिळाला की त्याचं अप्रूप ओसरतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी चार घास खाऊन 'बास' वाटलं किंवा नंतर खाऊ म्हणून झाकून ठेवलं, की खालच्या पदार्थाकडे जा. पहिल्या एक-दोन वेळा जास्त खाल्लं जाईल. ते धरून चाला.

मधुमेह असणाऱ्यांनी ही पायरी गाळायची नाही, फक्त जोडी लावायची. नुसता भात नको, भाताआधी कोशिंबीर आणि उसळ, मग वाटीभर भात. आंबा जेवणावर ढीगभर नको, 4.30 च्या खाण्याला दाण्यांबरोबर चार फोडी. ग्लुकोमीटर असेल तर दोन तासांनी साखर बघा आणि त्यावरून प्रमाण ठरवा. सरसकट बंदी घातलेल्या घरात आंब्याच्या दिवसांत काय होतं, ते सगळ्यांना माहीत आहे.

'चीट डे' या कल्पनेला मात्र इथे जागा नाही. आठवड्यातून एक दिवस सुटका मिळते याचा अर्थ उरलेले सहा दिवस कैद आहे. रविवारी रात्रीचं 'उद्यापासून बंद' म्हणून केलेलं शेवटचं जेवणही त्याच जातीचं.

पायरी 4: भूक आणि पोट भरणं ओळखणं

आता शून्य ते दहाची मोजपट्टी वापरा. शून्य म्हणजे हातपाय थरथरतात, दहा म्हणजे उठवत नाही. तीनच्या आसपास जेवायला बसा, सातच्या आसपास थांबा. एकदोनपर्यंत ताणलंत तर घास चावलाच जात नाही आणि आठ-नऊ गाठल्यावर कळतं. दिवसातलं एकच जेवण असं निरखून जेवा. तीनही वेळा करायला गेलात तर त्याचाही जाच होतो.

पोळी-भाजी संपवून भात वाढून घेतो ती जागा थांबून विचारायला उत्तम आहे. अजून किती जागा आहे? ताकभात हवाय, की सवयीनं घेतोय? हवा असेल तर घ्या. प्रश्नाचं उत्तर दर वेळी 'नको' यायला हवं, असं काही नाही.

पोट भरलेलं असताना खावंसं वाटलं तर भाजी-भाकरी चालेल का, असं मनाला विचारायचा सल्ला सर्रास दिला जातो. चालत असेल तर भूक खरी, नाहीतर नुसती इच्छा. तो अर्धाच बरोबर आहे. पोट भरलेलं असतानाही गोड घासाची इच्छा होणं हा काही आजार नाही. पण कंटाळा, राग, एकटेपणा, परीक्षेची धास्ती यांसाठी रोज खाणं हाच एकमेव उपाय उरला असेल तर दुसरे दोन-तीन शोधा. एखादा फोन, पाच मिनिटं गच्चीत, आंघोळ. झोप पाच तासांची असेल तर आधी तीच सुधारा. अपुऱ्या झोपेनं भूक वाढते आणि गोड-तळणाची ओढही.

स्वयंपाक करणाऱ्या बाईचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याकडे बहुतेक तक्ते बघतच नाहीत. फोडणीच्या वासानं तिची भूक मरते, चव बघताबघता चार घास जातात, सगळ्यांना गरम पोळ्या वाढून ती दहाला बसते, तेही सकाळची शिळी पोळी आणि मुलांच्या ताटातलं उरलेलं संपवायला. तिला भूक ओळखायला सांगून उपयोग नाही. आधी ताट बदलायला हवं. पोळ्या करून डब्यात ठेवा आणि सगळ्यांबरोबर बसा. घरात ते जमत नसेल तर सातला स्वतःसाठी वाटीभर काहीतरी खाऊन घ्या. उरलेलं दुसऱ्या दिवशीच्या फोडणीच्या पोळीला किंवा थालीपिठाला जाऊ दे.

माणसं, पान आणि आग्रह

'पानात टाकायचं नाही' हा संस्कार चांगला आहे. तो निभावायचा तर पहिल्यांदा कमी वाढून घ्या आणि लागेल तसं पुन्हा घ्या. पंगतीत आग्रह झाला की 'डाएट चालू आहे' म्हणू नका. त्यावर सगळी पंगत चर्चेला बसते आणि कुणीतरी स्वतःची बारा किलोंची कहाणी सुरू करतं. 'पोट भरलं हो, मस्त झाली होती पुरणपोळी. एक डब्यात घालून द्या ना, उद्या खाते' यावर सहसा पुढे आग्रह होत नाही.

'किती जाड झालीस गं' याला उत्तर देणं बंधनकारक नाही. 'हो का? काकू, तुमचे गुडघे कसे आहेत?' असं म्हणून विषय बदलता येतो. 'बारीक झालास, छान!' हे कौतुकही तितकंच घातक आहे, कारण ते ऐकलं की पुन्हा उपाशी राहावंसं वाटतं. मुलांसमोर स्वतःच्या पोटाला नावं ठेवणं थांबवा. ती ऐकत असतात.

उपासाचं काय?

संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र. श्रद्धेचा उपास वेगळा आणि देवाच्या नावानं केलेलं डाएट वेगळं. स्वतःला विचारा, वजन एक ग्रॅमही उतरणार नाही असं आधीच माहीत असतं तरी हा उपास केला असता का? उत्तर 'नाही' असेल तर निदान पहिलं वर्ष उपास बाजूला ठेवा. नुसत्या जपावर भागवा, घरात बोलून घ्या.

करणार असाल तर उपाशी राहून संध्याकाळी साबुदाण्याची परात संपवणं टाळा. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, 100 ग्रॅममध्ये प्रथिनं एक ग्रॅमही नाहीत. खिचडीत दाण्याचं कूट सढळ घाला, बरोबर वाटीभर दही घ्या. भगर आणि दाण्याची आमटी किंवा राजगिऱ्याची भाकरी त्याहून बरी. दिवसातून चारदा खाण्याचं अंतर उपासालाही तेच.

जास्त खाल्लं गेलं तर

जाईल. लग्नाच्या हंगामात, गणपतीत, वाईट दिवशी. त्यानंतर पुढचं खाणं ठरल्या वेळी आणि नेहमीएवढं घ्यायचं. सकाळी लिंबू-मध-पाणी पिऊन नाश्ता बुडवला किंवा प्रायश्चित्त म्हणून दहा किलोमीटर चाललात, की त्याच संध्याकाळी पुन्हा तीच वेळ येते. चालणं, पोहणं, योगासनं जरूर करा, पण कालच्या जिलेबीची वसुली म्हणून नको. आणि नंतर शांतपणे मागे वळून बघा. त्या दिवशी दुपारी किती वाजता, काय खाल्लं होतं? बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत अंगावर पाजणाऱ्या आईला दिवसाला सुमारे 600 कॅलरी जास्त लागतात. 'पोट कधी उतरणार' हे विचारणाऱ्या नातेवाइकांना हा आकडा सांगा आणि डिंकाचा लाडू खा.

वजन, आणि मदत कुणाची घ्यायची

डाएट सोडल्यावर काहींचं वजन थोडं वाढून थांबतं, काहींचं तसंच राहतं, काहींचं हळूहळू उतरतं. कुणाचं काय होईल हे आधी सांगता येत नाही. वजन उतरेलच असं वचन देणारा नव्या नावाचं डाएटच विकतोय. सहा-आठ महिने ते वर्ष एवढा काळ धरून चला. खाण्याची चणचण नसतानाही सहा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं तर आनंद मानू नका, डॉक्टरांकडे जा.

आहारतज्ज्ञ निवडताना पहिल्याच फोनवर तीन गोष्टी विचारा: पदवी कोणती, तक्ता सगळ्यांना एकच देता का आणि तुमच्याकडून पावडर किंवा शेक घ्यावा लागतो का. पहिल्या भेटीत झोप, औषधं, पाळी, आधीची डाएट्स आणि घरात स्वयंपाक कोण करतं हे न विचारता थेट काट्यावर उभं करणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.